साडेबारा लाखांची यादी, साडेचार लाखांचं मतदान

आज जरा लांबचा विषय घेतोय. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचा, शेवटी गावातच येणार आहोत.

मागच्या रविवारी, 23 नोव्हेंबरला, युरोपच्या बाल्कन भागात एक राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. आपल्याकडच्या कुठल्याच चॅनेलवर तिची पट्टीसुद्धा फिरली नाही, आणि फिरावी अशी अपेक्षाही नाही. आपल्याकडे येत्या मंगळवारी नगरपरिषदांचं मतदान आहे, गल्लीत भोंगे वाजतायत. पण तिथला निकाल बघितला आणि वाटलं, नेमकं हेच आपण या आठवड्यात वाचायला हवं. मतदारयाद्या, मतमोजणी, मतपत्रिका, ‘आमचं मत गेलं कुठं’ हे सगळे शब्द तिथंही तेच आहेत.

भाग कुठला? बोस्निया-हर्झेगोविना या देशातला ‘रेपुब्लिका सर्प्स्का’. नाव अवघड आहे. मी पुढे नुसतं सर्प्स्का म्हणतो. (हा सर्बिया देश नव्हे. सर्बिया शेजारी, वेगळा.)

आधी थोडी पार्श्वभूमी, त्याशिवाय गंमत कळायची नाही.

1992 ते 1995 या साडेतीन वर्षांत बोस्नियात युद्ध झालं. युगोस्लाव्हिया फुटला आणि एका गावात राहणारे, एका शाळेत शिकलेले लोक एकमेकांच्या जिवावर उठले. बोस्नियाक म्हणजे मुसलमान, सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट म्हणजे कॅथलिक. भाषा जवळजवळ एकच. सुमारे एक लाख माणसं मेली. एकट्या स्रेब्रेनित्सात जुलै 1995 मध्ये आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

मग अमेरिकेतल्या डेटन शहरात 21 नोव्हेंबर 1995 रोजी करार झाला. म्हणजे ही निवडणूक झाली त्याच्या दोनच दिवस आधी कराराला तीस वर्षं पूर्ण झाली. करारानं युद्ध थांबलं, हे त्याचं पुण्य मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण थांबवताना देशाची वाटणी अशी केली की निम्मा (51 टक्के) भाग बोस्नियाक-क्रोएट यांच्या फेडरेशनकडे आणि उरलेला (49 टक्के) सर्प्स्काकडे. शिवाय ब्रच्को नावाचा एक छोटा स्वतंत्र जिल्हा. वर एक केंद्र सरकार, तेही नावापुरतंच ताकदवान. देशाचं राष्ट्राध्यक्षपद एका माणसाकडे नाही, तिघांकडे. एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. दर आठ महिन्यांनी अध्यक्षपदाची खुर्ची फिरते. सर्प्स्काचा स्वतःचा वेगळा राष्ट्राध्यक्ष, स्वतःची 83 जागांची विधानसभा, स्वतःचा पंतप्रधान. आणि या सगळ्यांच्या वर एक परदेशी साहेब, ‘उच्च प्रतिनिधी’. याला कायदा करायचा, कायदा रद्द करायचा, निवडून आलेल्या माणसाला काढायचा अधिकार आहे. 2025 मध्ये तिथं क्रिस्तियान श्मिट नावाचे जर्मन गृहस्थ होते. रशिया त्यांना मानत नव्हता. सर्प्स्काचे राज्यकर्तेही मानत नव्हते.

एवढं लक्षात ठेवा. आता निकालाकडे.

2022 चा ऑक्टोबर. 2 तारखेला सगळ्या देशात एकाच दिवशी सार्वत्रिक निवडणूक. सर्प्स्काच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन मुख्य उमेदवार. एक मिलोराद दोदिक. हे नाव त्या भागात गेली वीस वर्षं सत्तेशी जोडलेलंच आहे. कधी पंतप्रधान, कधी सर्प्स्काचे अध्यक्ष, कधी देशाच्या तिघांच्या अध्यक्षमंडळातले सर्ब सदस्य. 1998 मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाले तेव्हा पाश्चात्त्य देशांना ते मवाळ, समजूतदार वाटले होते. पुढे तेच सर्प्स्का वेगळं करण्याची भाषा बोलणारे सगळ्यात मोठे नेते झाले. समोर उमेदवार येलेना त्रिविच, बान्या लुकाच्या प्राध्यापक, विषय अर्थशास्त्र. (बान्या लुका म्हणजे सर्प्स्काचं मुख्य शहर, सगळी सत्ता तिथं बसते.)

मतमोजणीच्या रात्री त्रिविच यांच्या बाजूनं विजय जाहीर केला. थोड्या वेळानं दोदिक यांनीही केला. सकाळी आकडे आले तेव्हा दोदिक पुढे होते. विरोधक रस्त्यावर आले, मतं चोरली म्हणाले. निवडणूक आयोगानं 10 ऑक्टोबरला फेरमोजणीचा हुकूम काढला. सर्प्स्कातल्या दोन हजारांहून जास्त मतदान केंद्रांच्या मतपत्रिकांच्या गोण्या सारायेवोला आणल्या आणि एकेक उघडून पुन्हा मोजल्या. दोदिक यांच्या समर्थकांनीही मोठी सभा घेऊन ताकद दाखवली.

27 ऑक्टोबरला निकाल कायम. दोदिक सुमारे 47 टक्के, त्रिविच सुमारे 43 टक्के. फरक 27 हजारांच्या आसपास. गडबडी सापडल्या, पण निकाल उलटा व्हावा एवढ्या नाहीत, असं आयोगाचं म्हणणं.

आता इथं जरा थांबा. आपल्यातले कितीतरी जण म्हणतात, मशीन काढा, मतपत्रिका आणा, सगळे प्रश्न सुटतील. मी स्वतः त्या मागणीच्या विरोधात नाही. लोकांना हातात कागद हवा असेल तर त्यात चूक काय? पण सर्प्स्कात कागदच होता. पेन होतं, पेटी होती, पोत्यात भरलेले पुरावे होते, फेरमोजणी झाली. तरीही अर्ध्या लोकांचा विश्वास बसला नाही. का?

कारण प्रश्न कागदाचा नव्हताच. प्रश्न टेबलाभोवती कोण बसलंय याचा होता.

बोस्नियात प्रत्येक मतदान केंद्रावर एक समिती असते. तिच्या जागा पक्षांना चिठ्ठी टाकून वाटल्या जात. कागदावर ही पद्धत फार छान. दहा पक्षांचे दहा डोळे, कोण कुणाला फसवणार? प्रत्यक्षात काय होतं, तर ज्या पक्षाला गावात कुत्रंही ओळखत नाही असा पक्ष निवडणुकीला उभा राहतो, समितीतली जागा मिळवतो आणि ती जागा मोठ्या पक्षाला देऊन टाकतो. जागांचा बाजार. निवडणुकीवर नजर ठेवणारे युरोपातले निरीक्षक वर्षानुवर्षं हे लिहीत आलेत. टेबलावर पाच माणसं वेगवेगळ्या पक्षांचे बिल्ले लावून बसलेली, पण चहा एकाच्याच खर्चानं. मग कुणी मत द्यायला आलं नाही आणि त्याच्या नावापुढे सही झाली, कोरी मतपत्रिका कुणी भरली, किंवा विरोधी उमेदवाराच्या मतपत्रिकेवर आणखी एक खूण करून ती बाद केली, तर हरकत घेणार कोण? हरकत घेणाऱ्याची खुर्चीच विकली गेली. आणि जे टेबलावर लिहून झालं, ते नंतर गोणी उघडून कसं सापडणार? फेरमोजणीत कागद मोजले जातात. त्या कागदावर खूण कुणी केली, हे मोजता येत नाही.

म्हणून 2022 ची फेरमोजणी झाली आणि कुणाचंच समाधान झालं नाही. हरलेल्यांना वाटलं, लुबाडले गेलो. जिंकलेल्यांना वाटलं, सारायेवोवाल्यांनी आपलं मत हिसकावायचा डाव टाकला होता, आपण तो हाणून पाडला. आरोप झाला, पुरावा अपुरा पडला, आणि फायदा कुणाला? खुर्चीवरच्याला.

त्याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट बघा. सर्प्स्काच्या विधानसभेत दोदिक यांच्या पक्षाला 83 पैकी 29 जागा. म्हणजे एकट्याच्या बळावर बहुमत नाही. दोन नंबरच्या पक्षाला 13. बाकीच्या छोट्या पक्षांत वाटल्या गेल्या. सरकार कुणाचं झालं? दोदिक यांच्याच आघाडीचं. छोट्यांना सत्तेत वाटा द्यायचा आणि बांधून ठेवायचं, हे गणित आपल्याला शिकवायची गरज नाही.

आणि केंद्रात? तिकडे बोस्नियाक मतांवर अनेक वर्षं जम बसवलेला पक्ष होता बाकिर इझेतबेगोविच यांचा. ते स्वतः अध्यक्षमंडळाच्या बोस्नियाक जागेवर देनिस बेचिरोविच यांच्याकडून चांगल्या फरकानं हरले. 57 टक्क्यांसमोर 37 टक्के. विरोधी पक्ष एकत्र आले आणि एकच उमेदवार दिला, एवढंच केलं. क्रोएट जागेवर झेल्को कोमशिच चौथ्यांदा आले. त्यांचीही कथा मजेशीर. फेडरेशनमधल्या मतदाराला बोस्नियाक जागेसाठी मत द्यायचं की क्रोएट जागेसाठी हे स्वतः ठरवता येतं. क्रोएट पक्षांची कायमची तक्रार, की कोमशिच क्रोएट असले तरी निवडून येतात बोस्नियाक मतांवर. म्हणजे आमचा माणूस दुसऱ्यांनी निवडला. तक्रारीत तथ्य आहे. पण ज्या राज्यघटनेनं माणसाची जात-जमात बघून खुर्ची ठेवली, तिथं असंच होणार.

खरं तर याहून वाईट होतं. देर्वो सेइदिच हे रोमा समाजाचे, याकोब फिंत्सी हे ज्यू. दोघंही बोस्नियाचे नागरिक. पण तीन जमातींत बसत नाहीत म्हणून देशाच्या अध्यक्षमंडळासाठी उभंच राहता येत नाही. दोघं युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, 2009 मध्ये जिंकले. इलियाझ पिलाव हे स्रेब्रेनित्सात राहणारे बोस्नियाक. स्रेब्रेनित्सा येतं सर्प्स्कात, आणि सर्प्स्कातून फक्त सर्ब सदस्य निवडतात, म्हणून त्यांनाही उभं राहता येत नाही. तेही गेले, 2016 मध्ये जिंकले. राज्यघटना आजही तशीच आहे. सोळा वर्षं झाली पहिल्या निकालाला. कुणालाच बदलायची नाही, कारण त्या तीन खुर्च्यांवर ज्यांची दुकानं चालतात तेच बदलणारे.

आता नोव्हेंबर 2025 कडे. ही निवडणूक मुळात लागलीच का?

2023 च्या उन्हाळ्यात सर्प्स्काच्या विधानसभेनं कायदे केले, की देशाच्या घटनात्मक न्यायालयाचे निर्णय आणि उच्च प्रतिनिधीचे आदेश आमच्या हद्दीत लागू नाहीत. श्मिट यांनी ते कायदे रद्द केले, आणि असे आदेश धुडकावणं हा गुन्हा ठरवला. दोदिक यांनी तरीही सही केली. खटला चालला. फेब्रुवारी 2025 मध्ये एक वर्ष तुरुंगवास आणि सहा वर्षं राजकीय पदावर बंदी अशी शिक्षा झाली. 1 ऑगस्टला अपिलातही कायम राहिली. तुरुंगाऐवजी दंड भरून त्यांनी सुटका करून घेतली, पण पद गेलं. आयोगानं त्यांचं अध्यक्षपद संपुष्टात आणलं आणि मुदतपूर्व निवडणूक लावली.

दोदिक आधी म्हणत होते निवडणूक होऊच देणार नाही, लोकांचं सार्वमत घेतो. नंतर गाडी वळली. पक्षानं सिनिशा कारान यांना उभं केलं, सर्प्स्काचे माजी गृहमंत्री. समोर ब्रांको ब्लानुशा, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. प्रचारात कारान यांच्यापेक्षा दोदिक यांचाच आवाज मोठा. आपण हे बघितलेलं आहे. नेत्यावर बंदी आली की घरातला किंवा विश्वासातला माणूस उभा राहतो, आणि लोकांना सांगितलं जातं, ‘मत त्याला द्या पण समजा मलाच दिलंत.’

निकाल असा: कारान 50 टक्क्यांच्या किंचित वर, ब्लानुशा 48 टक्क्यांच्या किंचित वर. बाकीच्या सगळ्या उमेदवारांना मिळून दोन टक्केही नाहीत. मतांत सांगायचं तर सव्वादोन लाखांच्या आतबाहेर एकाला आणि त्याहून दहा हजारांच्या आसपास कमी दुसऱ्याला. विरोधकांनी लगेच दोबोय, झ्वोर्निक, लाक्ताशी या भागांतल्या मतदानावर बोट ठेवलं. (लाक्ताशी हा दोदिक यांचा घरचा परिसर.) म्हणजे तीन वर्षांपूर्वीचाच सिनेमा पुन्हा.

पण माझं लक्ष या दहा हजारांकडे नाही. माझं लक्ष एका वेगळ्या आकड्याकडे आहे.

सर्प्स्काच्या मतदारयादीत नावं आहेत सुमारे साडेबारा लाख. मतदान झालं 35-36 टक्के. म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास. आठ लाख माणसं आलीच नाहीत!

गणित करा. जिंकलेल्या उमेदवाराला यादीतल्या दर शंभर माणसांमागे साधारण अठरांनी मत दिलं. हरलेल्याला सतरांनी. आणि चौसष्ट जण घरी बसले, किंवा त्या देशातच नव्हते. 2022 मध्ये दोदिक यांना तीन लाखांच्या आसपास मतं होती. म्हणजे या वेळी त्यांच्या गटाची पाऊण लाखाहून जास्त मतं घटली, आणि तरीही ते जिंकले. विरोधकांची मतंही घटली होती ना! 2022 ला त्रिविच यांना पावणेतीन लाखांच्या घरात मतं होती. तेवढी नुसती टिकवली असती तरी आज बान्या लुकात वेगळा माणूस बसला असता.

आता तुम्ही म्हणाल, आठ लाख लोक आळशी आहेत का? नाही. त्यांची कारणं बघा.

पहिलं कारण, यादीच फुगलेली आहे. बोस्नियात 2013 मध्ये जनगणना झाली. तेव्हा सर्प्स्काची लोकसंख्या म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं धरून साडेबारा लाखांच्या आत होती. आज नुसत्या अठरा वर्षांवरच्या मतदारांची यादी तेवढी आहे, किंबहुना थोडी जास्तच. पोरं-बाळं सोडून लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त! हा जादूचा प्रयोग नाही. ओळखपत्रावर पत्ता इथला आहे म्हणून नाव यादीत. माणूस मात्र जर्मनीत नर्स आहे, ऑस्ट्रियात गवंडी आहे, स्लोव्हेनियात ट्रक चालवतोय. तरुण पिढी गेली. जे गेले त्यांची नावं मात्र गेली नाहीत. आणि न आलेल्या माणसाचं नाव यादीत असणं, हे टेबलावर बसलेल्या बेइमान माणसासाठी उघड्या तिजोरीसारखं आहे.

दुसरं कारण, वर सांगितलेला अविश्वास. ‘आपण मत देऊन काय होतंय, ते मोजणारच त्यांना हवं तसं.’ 2022 नंतर हे वाक्य तिथं किती घरांत बोललं गेलं असेल! आणि खरं सांगतो, सत्तेवर बसलेल्याला याहून सोयीचं वाक्य दुसरं नाही. त्याचे ठरलेले लोक येतातच. सरकारी नोकरीवाला येतो, ठेकेदार येतो, ज्याच्या मुलाची नोकरी पक्षाच्या चिठ्ठीवर लागली तो येतो. रुसून घरी बसतो तो विरोधी मतदार. म्हणजे चोरीच्या संशयानं जी मतं जातात, ती प्रत्यक्ष चोरीत जाणाऱ्या मतांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असू शकतात. दहा हजारांच्या फरकावर आठ लाखांची गैरहजेरी. यात चोर किती आणि रुसलेले किती, तुम्हीच ठरवा.

तिसरं कारण भीतीचं. तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत एकच प्रश्न विचारला जातोय: सर्प्स्का टिकणार की बुडणार? सारायेवोवाले आपल्याला गिळणार की नाही? हा प्रश्न विचारला की पगार, दवाखाना, रस्ता, गाव सोडून गेलेली पोरं, हे सगळं मागच्या बाकावर जाऊन बसतं. ज्याला दोन्ही बाजूंचा हा खेळ कळलाय तो म्हणतो, मला यात पडायचंच नाही. आणि घरी बसतो.

इथं मला उच्च प्रतिनिधी आणि त्यांच्या पाठीराख्यांनाही मोकळं सोडायचं नाही. 2022 च्या मतदानाच्या रात्री, मतदान संपल्यावर काही मिनिटांतच, श्मिट यांनी निवडणूक कायदा आणि फेडरेशनची राज्यघटना बदलून टाकली. कारण चांगलं असेल, सरकार बनवताना होणारी कोंडी फोडायची होती असं ते म्हणतात. पण मतदाराला काय वाटलं असेल विचार करा. सकाळी रांगेत उभा राहून मत दिलं, संध्याकाळी परदेशी साहेबानं नियम बदलले! यातून लोकांना लोकशाही शिकवता येत नाही. त्यातून दोदिक यांच्यासारख्यांना आयतं भाषण मिळतं, की बघा, बाहेरचे लोक आपलं मत पायदळी तुडवतात. दोदिक यांना न्यायालयानं शिक्षा दिली, त्यात कायद्यानं चूक काही नसेल. पण निवडणुकीतून हरवायचा माणूस निकालपत्रातून काढला, की त्याचे लोक हरत नाहीत, चिडतात. आणि गेल्याच महिन्यात अमेरिकेनं दोदिक यांच्यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे बाहेरच्यांचाही पत्ता नाही, ते कधी कुणाच्या बाजूला असतील.

पण श्मिट यांनी केलेल्या एका गोष्टीचं कौतुक करायला हवं. 2024 च्या मार्चमध्ये त्यांनी निवडणूक कायद्यात बदल केला, की मतदान केंद्राचा अध्यक्ष आणि त्याचा उपाध्यक्ष यापुढे पक्षांनी नेमायचे नाहीत. बोटाच्या ठशावरून ओळख पटवणं आणि मतपत्रिका स्कॅन करणं हेही त्यात आहे. ते त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत काही ठिकाणी करून बघितलं गेलं. या नोव्हेंबरला मात्र सगळीकडे ती सोय नव्हती. पुढची सार्वत्रिक निवडणूक 2026 च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे कारान यांना मिळालेली खुर्चीही वर्षभराचीसुद्धा नाही. खरी परीक्षा तेव्हा.

ती परीक्षा का महत्त्वाची? कारण ज्या भागात तीस वर्षांपूर्वी लाखभर माणसं मेली, तिथं वेगळं व्हायची भाषा करणारं सरकार यादीतल्या शंभरातल्या अठरा लोकांच्या जोरावर चाललंय. उद्या त्यांनी काही आततायी पाऊल उचललं, तर त्याची किंमत उरलेल्या ब्याऐंशींनाही मोजावी लागेल. तेव्हा ‘मी मतच दिलं नव्हतं’ हे सांगून कुणी सुटणार नाही.

विरोधकांनी यातून काय शिकावं? मला बाहेरून बघणाऱ्याला जे दिसतं ते सांगतो. मतदान संपल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मतदानाआधी सहा महिने प्रत्येक केंद्रावर आपला एक पक्का माणूस तयार करणं जास्त कामाचं. विकला न जाणारा माणूस. जो शेवटची मतपत्रिका मोजून होईपर्यंत उठत नाही, आणि किती मतं पडली, किती बाद झाली, याचा कागद हातात घेऊनच घरी जातो. बेचिरोविच यांना फेडरेशनमध्ये एकत्र आलेल्या विरोधकांनी जिंकवलं, तर बान्या लुकात ते का होऊ नये? जमात बदलते म्हणून माणसाचा स्वभाव बदलत नाही.

आता गावात येतो, म्हटलं होतं ना.

आपल्याकडे सध्या मतदारयाद्यांवरून रान पेटलंय. दुबार नावं, मेलेल्यांची नावं, एका खोलीत पन्नास मतदार. हे प्रश्न खरे आहेत आणि विचारलेच पाहिजेत. आपण बोस्निया नाही, आपल्याकडे बूथवर सरकारी कर्मचारी असतात, पक्षाची समिती नसते. तुलना तेवढ्यापुरतीच. पण गेल्या पंधरा दिवसांत माझ्या पोस्टखाली किमान वीस जणांनी लिहिलं, ‘दादा, मत देऊन उपयोग काय, सगळं सेट आहे.’ त्या वीस जणांना माझं एवढंच विचारणं आहे: तुम्ही तुमच्या वॉर्डाची यादी उघडून बघितलीत का? तुमच्या गल्लीतला जो माणूस पुण्याला कायमचा गेलाय त्याचं नाव अजून आहे का, हे तपासलंत का? ज्या उमेदवाराला तुम्ही मानता त्याचा तुमच्या बूथवरचा एजंट कोण, त्याचं नाव तरी माहीत आहे का? नसेल, तर तो एजंट तुम्हीच का होत नाही?

कारण सर्प्स्काचा निकाल एवढंच सांगतो. मतपत्रिका असो की मशीन, मत सुरक्षित राहतं ते टेबलाजवळ जागा असलेल्या माणसामुळे. संशय घ्यायचा तर घ्या, पण तो बूथवर बसून घ्या. घरात बसून घेतलेला संशय सगळ्यात आधी समोरच्याच्या पेटीत जमा होतो.

मंगळवारी भेटू, रांगेत.

(सहमत नसाल तर खाली लिहा, भांडू. फक्त शिव्या नकोत. शेअर करायची असेल तर खुशाल करा, पण अर्धी कापून करू नका.)